राखीव रानातला पाहुणा

२ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून ही वही. "आई काय बोलतात, कधी बोलतात, ते तारखेनिशी लिहून ठेवा. आठवणीवर विसंबू नका. स्वतःच्याही," म्हणाल्या. शेवटचा शब्द त्यांनी उगाच जोडला असं मला वाटलं. आईला सोबत नेलं नव्हतं. तिला सांगितलंही नाही.

तर पहिली नोंद, कालच्या फोनची. आई म्हणाली, "तळ्यावर जाऊन आले. तो बावळट आजही झुडपातच बसलेला. बाहेर म्हणून येत नाही."

आईच्या घराजवळ तळं नाही. दोन चौक ओलांडून औषधाचं दुकान आहे, तिथवर जातानाही ती भिंतीला हात लावत जाते. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले. मी विचारलं, कोण बावळट? तर म्हणे, "अगं तोच. तुला काय सांगायचं." आणि हसली.

असं गेले पाच-सहा महिने चाललंय. तळं, झुडूप, बावळट, शिवाय एक म्हातारा आणि "ती दोघं". आधी मी हो-हो करून सोडून देत होते. मग ऑफिसातल्या एकीच्या सासऱ्यांचं ऐकलं. त्यांचीही सुरुवात नसलेली माणसं दिसण्यापासूनच झाली होती.

४ सप्टेंबर, बुधवार

आईसाठी आणलेली वही, पण सगळी पानं आईनेच भरायची असं कुठे आहे. बसमध्ये बसून लिहितेय. थकलेय, आणि हे ऐकायला दुसरं कोणी नाही.

डॉक्टरीणबाईंनी माझा कामधंदा विचारला तेव्हा मी नेहमीसारखी अडखळले. अकरा वर्षं मी प्राणी पळून जाण्याचं काम बघते, असं सांगितलं की माणसं आधी हसतात, मग घड्याळ बघतात. फोनवरचा खेळ आहे आमचा. चित्रविचित्र प्राणी शोधायचे, पकडायचे, पाळायचे, एकमेकांशी झुंजवायचे. त्यात एक राखीव रान आहे, ते माझं. तिथे झुंज नाही. आपले पाळलेले प्राणी फाटकावर ठेवून आत जायचं. तीस जाळी मिळतात आणि सहाशे पावलं. समोर प्राणी आला तर तीनच गोष्टी करता येतात: खाऊ टाका, दगड मारा, नाहीतर जाळं फेका. खाऊ टाकला तर तो रेंगाळतो पण जाळ्यात येत नाही. दगड मारला तर सापडायला सोपा, पण बिथरून पळतोही लवकर. जाळी किंवा पावलं संपली की बाहेर. उभं राहायला मात्र पावलं लागत नाहीत, कितीही वेळ उभे राहा.

कोणता प्राणी किती लवकर पळणार, ते आकडे मी ठरवते. एका आकड्याने इकडेतिकडे झालं की दुसऱ्या दिवशी दोन हजार शिव्यांची पत्रं येतात. पूर्वी मला या रानाचं फार कौतुक होतं. दुपारी डबा खाऊन झाला की एक वाजता मी स्वतः आत जाऊन फेरी मारायची, झाडं जागेवर आहेत ना, कोणी दगडात अडकलं नाही ना बघायला. दोन वर्षांपूर्वी ती फेरी यंत्राकडे दिली. आता एक वाजता मी टेबलावर डोकं ठेवून झोपते.

५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी नवी आवृत्ती सोडली आणि तळ्याचं पाणी थिजलं. लाटा नाहीत, वर आकाशाचं प्रतिबिंब चिकटवल्यासारखं. दुपारी तीनपर्यंत दुरुस्त केलं. साहेब म्हणाले, "तळ्याकडे बघतं कोण? पुढच्या महिन्यात खास आठवडा आहे, त्याचं बघा."

खास आठवडा म्हणजे एरवी वर्षात दोनदा दिसणारे प्राणी सात दिवस मोकळे सोडायचे. तेव्हा यंत्रं घुसतात. एकेक इसम हजार-हजार खाती यंत्राने चालवतो आणि खऱ्या माणसांच्या वाट्याला काहीच उरत नाही. म्हणून त्याआधी ही खाती हुडकून बंद करायची. ते काम आलं माझ्या गळ्यात. "तुम्हाला त्या रानाची नस न् नस माहीत आहे," साहेब म्हणाले. स्तुती करून ओझं लादण्यात आमच्या साहेबांचा हात कोणी धरणार नाही.

८ सप्टेंबर, रविवार

आईचा फोन, पंधरा मिनिटं. ठळक गोष्टी:

एक, "गुरुवारी तळ्याचं पाणी थिजलं होतं. अगदी काचेसारखं. तुला दिसलंच असेल." मी हो म्हटलं. हातात इस्त्री होती.

दोन, म्हातारा आता तिला ओळखतो. खाऊ टाकला की जवळ येऊन बसतो.

तीन, गुडघा ठीक आहे, शेजारीण रोज दूध आणून देते, नळ गळतो.

भर पावसाळ्यात पाणी थिजलं. डॉक्टरीणबाईंना हे आवर्जून सांगायला हवं.

११ सप्टेंबर, बुधवार

चारशे खाती तपासली, एकशे बारा बंद केली. यंत्र ओळखायची माझी रीत सोपी आहे. माणूस चुकतो. उशिरा येतो, वाट विसरतो, कंटाळतो, मधेच चहाला उठतो. यंत्र कंटाळत नाही. जो कंटाळत नाही, त्याला बाहेर काढायचं.

शेजारी बसणारा चित्रकार, ज्याने रानातला प्राणी न् प्राणी काढलाय, म्हणाला, "या हिशोबाने माझी बायको यंत्र निघेल. वीस वर्षं तेच भांडण, तोच शब्द, तीच जागा." मी हसले. आज दिवसभरात तेवढंच.

१५ सप्टेंबर, रविवार



मी आईला म्हटलं, कामामुळे मधे फोन जमत नाही, रागावू नकोस. तर म्हणाली, "छे गं ठमे. रोज भेट होतेच की आपली. फोन रविवारी केलास तरी चालतो."

मी म्हटलं, कुठे भेट होते?

"आता मीच सांगू का? तुझ्याच जागेवर." मग म्हणाली, "तू बोलत नाहीस ते ठीक आहे. कामात असतेस. दिसतेस, तेवढं पुरे."

मी विषय बदलला. नळाचं काय झालं ते विचारलं.  चार महिन्यांत मी आईकडे एकदा गेलेय, तेही दुपारी जाऊन संध्याकाळी परत. आणि तिला मी रोज दिसते.

मग दादाला फोन लावला. दादा परदेशात, तिकडे सकाळ. सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मला तर काहीच जाणवलं नाही. माझ्याशी नीट बोलते." मी म्हटलं, तू महिन्यातून एकदा बोलतोस. तो म्हणाला, "आणि तू आठवड्यातून एकदा. असो. एकटी ठेवण्यात अर्थ नाही." त्याने एका निवासाचं नाव सुचवलं. चोवीस तास देखरेख, नर्स, बाग. माझ्या मनात आलं, मी हे स्वतःहून सुचवलं नाही म्हणजे मी वाईट नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अर्धी रजा टाकून निवास बघून आले. स्वच्छ आहे. लांब पडवी, भिंतींना हाताने धरायच्या दांड्या, प्रत्येक दारावर वेगळ्या रंगाची पट्टी, म्हणजे आपली खोली चुकू नये. व्यवस्थापिका बोलायला गोड. तिने दोन्ही दारांच्या कड्या दाखवल्या. बाहेरून उघडतात, आतून उघडत नाहीत. "भ्रम असणाऱ्यांसाठी हा बाजूचा भाग. आपण होऊन बाहेर पडतात हो, आणि मग हरवतात." मी म्हटलं, आमची आईही तळ्यावर जाते. तिने सहानुभूतीने मान हलवली.

प्रवेशाचा फॉर्म घेतला. त्यात कारणाचा रकाना आहे. तिथे 'भ्रम' लिहिलं, बाकी कोरा ठेवला. आई स्वतःच्या घरात सदतीस वर्षं राहिली आहे. कुठल्या कपाटाचं दार अडकतं ते तिला माहीत आहे. तिला कडी बाहेरून असलेल्या खोलीत ठेवायचं मनाला पटत नाही. पण ती रस्त्यात कुठे पडली तर?

१९ सप्टेंबर, गुरुवार

एक गमतीचं खातं सापडलं. पाहुणा-४४७१. नावही बदललेलं नाही, खेळ उघडताना आपोआप मिळतं तेच. सहा महिने, एकही दिवस खाडा नाही. दुपारी एक वाजता आत. फाटकापासून तळ्यापर्यंत दोनशे चौदा पावलं, रोज तीच वाट. तिथे उभं राहायचं, चाळीस मिनिटं. मधे एक खाऊ. रानरक्षक तिकडून गेली की तिच्याशी एकदा बोलायचं. ही रानरक्षक म्हणजे चित्रकाराने काढलेली हिरव्या टोपीची बाई, ठरलेल्या वाटेने फिरत असते. कोणी जवळ आलं की थांबते, मान वळवते आणि म्हणते, "सावकाश फिरा. घाई नाही." ते वाक्य मी लिहिलंय. मग ४४७१ परत फाटकावर. तीस जाळी घेतली, तीस परत. सहा महिन्यांत एक प्राणी पकडलेला नाही.

मी चित्रकाराला दाखवलं. म्हटलं, बघ, टेहळणीचं यंत्र. रान कधी कसं बदलतं ते टिपून कुणाला तरी कळवत असणार.

त्याने बराच वेळ बघितलं. म्हणाला, "यंत्र असेल तर चांगल्या वळणाचं आहे. एकदाही दगड मारलेला नाही."

"वळण कसलं? सांगितलंय तेवढं करतं."

"एखादी एकटी बाई असेल. किंवा बुवा."

"माणूस सहा महिने इतक्या नेमाने वागतो? मी स्वतः दोन दिवस एका वेळेला जेवत नाही."

"तू नाही जेवत," तो म्हणाला. "राहू दे की. कुणाचं काय घेतंय?"

साहेबांचा आकडा दिवसाला दीडशेचा, माझे झाले होते एकशे एकोणचाळीस. बंद केलं. कारणाच्या यादीतून 'यंत्राद्वारे वापर' निवडलं. चित्रकार कानाला हेडफोन लावून गाणी ऐकत बसला.

२२ सप्टेंबर, रविवार

आईचा आवाज पडलेला. सरळ मुद्द्यावर आली.

"फाटक बंद आहे गुरुवारपासून."

"कसलं फाटक, आई?"

"मला आत सोडत नाहीत."

"कोण सोडत नाही?"

"तुमचीच माणसं." मग म्हणाली, "तुला माहीत असेल असं वाटलं होतं. काही नाही. तुमचे नियम असतील."

'तुमचीच माणसं' हे नवीन आहे. आपल्याच माणसांचा संशय येऊ लागणं हे महत्त्वाचं लक्षण, असं डॉक्टरीणबाई पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या. मी समजुतीच्या सुरात म्हटलं, आई, तुला कोणी अडवत नाहीये. त्यावर ती म्हणाली, "बरं." आयुष्यात आईने इतक्या लवकर माझं ऐकलेलं नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टरीणबाईंना वही वाचून दाखवली. कामाच्या कटकटी गाळून, फक्त आईचं तेवढं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी काही म्हणणार नाही, पण देखरेख असलेली बरी. रविवारी, सहा तारखेला, मी आईकडे जायचं, तिला समजवायचं, फॉर्मवर सही घ्यायची. तिने नाही दिली तर डॉक्टरांच्या पत्रावर भागतं. दादाने त्याची सही पाठवली. खाली लिहिलं होतं, "तुला योग्य वाटेल ते कर." दादाचं हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय.

आईला दोनदा फोन केला. उचलला नाही. शेजारणीला केला तर म्हणाली, बऱ्या आहेत, जेवतात, दुपारी मात्र दाराशी नुसत्या बसून असतात. पूर्वी दुपारी फोन हातात घेऊन छान रमायच्या, आता तो कपाटात ठेवलाय.

फोनवर काय रमायची कोण जाणे. जुने फोटो बघत असेल.

३० सप्टेंबर, सोमवार



बंद खात्यांचे हरकत अर्ज आज माझ्याकडे आले. एकशे सेहेचाळीस. बहुतेकांत शिव्या, काहींत धमक्या, एकात कविता. वाचायचं, 'नामंजूर' दाबायचं, पुढे जायचं. साठेक झाले असतील. मग हा आला. जसाच्या तसा उतरवते.

"स. न. वि. वि. दि. १९ पासून मला रानात सोडत नाहीत. 'यंत्राद्वारे वापर' असं कारण दिसतं. मी यंत्र नाही. वय ७४. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाहेर फिरणं होत नाही म्हणून मुलाने हे फोनवर घालून दिलं होतं. मी कुठलाही प्राणी पकडलेला नाही, तीसही जाळी रोज परत केली आहेत, हवं तर मोजून बघावीत. दगड मारलेला नाही. खाऊ मात्र एकदा टाकते. तो चालत नसेल तर बंद करीन. हे रान माझ्या मुलीने केलेलं आहे. ती दुपारी एकला तिथे फेरी मारते. कामाच्या वेळी फोन केलेला तिला चालत नाही, म्हणून मी तळ्याशी उभी राहते. एवढंच. हे तिला कळवू नये, तिला आधीच कामाचा ताप आहे. कळावे."

मी तो चार वेळा वाचला. मग स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

बावळट म्हणजे झुडपातला तो गोल डोळ्यांचा. त्याला मीच बुजरा केलाय, शंभरात दोनदा बाहेर येईल असा. म्हातारा म्हणजे तळ्याकाठचा केसाळ, खाऊ टाकला की सर्वांत जास्त रेंगाळणारा. "ती दोघं" म्हणजे नेहमी जोडीनेच दिसणारे, तेही माझेच. पाच तारखेला तळ्याचं पाणी थिजलं होतं, या वहीत ते माझ्याच अक्षरात आहे, आणि त्याच्याच खाली तीन दिवसांनी आईने सांगितलेलं, तेही माझ्याच अक्षरात. दोन्ही मीच लिहिलं आणि मला कळलं नाही. आई वेड्यासारखं काहीच बोलली नव्हती. ती माझ्याशी माझ्या कामाबद्दल बोलत होती. सहा महिने. असं दुसरं कोणी कधीच बोललं नाही.

चित्रकाराला अर्ज दाखवला. त्याने वाचला, चष्मा काढून पुसला. "मी म्हटलं होतं," असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. म्हणाला, "फोन कर."

केला. उचलला नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

खातं परत उघडायला साहेबांची मंजुरी लागते. साहेब म्हणाले, "एका खात्यासाठी एवढं काय? नवीन उघडा म्हणावं." मी म्हटलं, माझ्या आईचं आहे. ते मंजुरी देऊन म्हणाले, "आधी सांगायचं ना." आधी मला तरी कुठे माहीत होतं.

काल आणि आज दुपारी एक वाजता मी रानात गेले. दोन वर्षांनी. फाटकावर तीस जाळी घेतली, दोनशे चौदा पावलं मोजत तळ्याशी गेले आणि उभी राहिले. पाणी छान हलत होतं. म्हातारा आला, थोडा वेळ बसला, गेला. हिरवी टोपी दोनदा येऊन गेली. चाळीस मिनिटं फार मोठी असतात. आई आली नाही. तिचा फोन कपाटात आहे, तिला कळणार कसं?

शेजारणीकडे निरोप ठेवला की खातं उघडलंय. तिला खातं म्हणजे बँकेचं वाटलं. शेवटी म्हटलं, फाटक उघडलं म्हणावं. दादाला सगळं कळवलं आणि निवासाला फोन करून सांगितलं की आम्ही येणार नाही. व्यवस्थापिका म्हणाली, फॉर्म ठेवा जवळ, मन बदलतं लोकांचं.

दादा म्हणाला, "अरे हो, मीच घालून दिला होता तो खेळ. विसरूनच गेलो." दोन भावंडं मिळून एक आई, आणि तीही आम्हाला नीट सांभाळता आली नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

परतीच्या बसमध्ये. संध्याकाळ. तीन तास आहेत, सगळं लिहून काढते.

बेल वाजवल्यावर दार उघडायला आईला वेळ लागला. काठी नव्हती. घर लख्ख. "आलीस? बस. पाणी पी आधी," म्हणाली. मी पाणी प्यायले आणि पेला हातात असतानाच सांगून टाकलं.

"आई, तुझं खातं मी बंद केलं. मीच. यंत्र समजून."

आईने माझ्याकडे बघितलं. "यंत्र? मी?"

"रोज एकच वेळ, तेवढीच पावलं, तीच जागा. मला वाटलं, माणूस इतका नेमाने वागणार नाही."

"तूच सांगितलं होतंस ना, जेवून एक वाजता फेरी मारतेस म्हणून."

"ती फेरी बंद झाली, आई. दोन वर्षं झाली. आता ते कामही यंत्रच करतं."

आईने टेबलावरचा रुमाल उचलून घडी घातली, उलगडली, परत घातली. मग म्हणाली, "म्हणजे तू नव्हतीसच."

"नव्हते."

"आणि ती हिरव्या टोपीची?"

"तीही यंत्रच."

"ते माहीत होतं मला. चौथ्या दिवशीच कळलं, रोज तेच बोलायची. एवढी काही मी खुळी नाही. मला वाटलं, तू तिच्याआडून बघत असशील." थोड्या वेळाने म्हणाली, "पण मी जवळ गेले की थांबायची. मान वळवून बघायची. तेवढं तरी करायची."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. चार महिन्यांत एकदा आलेली मी, आणि मी लिहिलेली ती, आणि आईने आमच्यात फरक केला नव्हता तो माझं मन राखायला.

मी म्हटलं, आता फाटक उघडलंय. मी रोज एक वाजता येईन, खरोखरची. आई म्हणाली, "आता नको. उगाच माझ्यापायी तुझी दुपारची झोप जायची." मी झोपते हे मी तिला कधीच सांगितलेलं नाही.

मग ती म्हणाली, "तो फॉर्म आणलायस का? दाखव."

मी दचकले. दादाने म्हणे पंधरा दिवसांपूर्वीच तिला सगळं सांगितलं होतं. मी घाईघाईने म्हटलं, ते रद्द केलंय. तुझं डोकं अगदी ठिकाणावर आहे, माझंच चुकलं.

"ठिकाणावर आहे म्हणूनच म्हणते. जाते मी."

"आई, रागावून असं करू नकोस."

"रागावले होते. पहिले दोन दिवस. मग मी तिथे फोन केला. बाई चांगली बोलली. एका बाजूला आतून उघडणारी दारं आहेत, तिकडची खोली मागितली मी. दुपारी चारजणी पत्ते खेळायला बसतात म्हणे, पाचवी हवीच असते. एकजण रोज एका वेळेला बागेत फेरी मारते, तिला सोबत नाही."

"मी दर रविवारी येईन. शनिवारीच येऊन राहीन."

"ये की. तिथेही ये. पण तू यायची वाट बघत मला इथे बसायचं नाही आता. दमले मी वाट बघून, ठमे." हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, नळाबद्दल सांगते तसं.

मी रडले. तिने रडू दिलं. मग तिने माझ्या पिशवीतून स्वतःच फॉर्म काढला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. कारणाच्या रकान्याशी थांबली. "भ्रम," तिने मोठ्याने वाचलं. पेन मागितलं, सरळ रेघ ओढून तो शब्द खोडला आणि पुढे लिहिलं, 'सोबत'. अक्षर अजून माझ्यापेक्षा चांगलं आहे.

खाली सही केली. मग पेन तसंच धरून म्हणाली, "आज तारीख काय?"

"पाच," मी म्हटलं.

"सहा," आई म्हणाली आणि सहा लिहिलं.